एक मोठी मूळ संख्या आणि एक जुनी चूक

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "आजोबा, काही दिवस स्क्रीनला सुट्टी." नागपूरच्या मेहुण्यांचे दोन फोन येऊन गेले, "काय हो, लेखणी म्यान केली की काय?" म्हणून. तर मंडळी, म्यान वगैरे काही केलेली नाही. उलट डोळे मिटून पडलो होतो तेव्हाच डोक्यात बरंच काही जमा झालं. त्यातलं एक आज सांगतो. सांगायला थोडं जड जातंय, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो. मास्तर माणसाला ते जमतंच.

डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचं काम नातवाकडे होतं. यंदा नववीत आहे. फुकट काम करणार्‍यांतला नाही. "आजोबा, महिन्याचं काय देणार?" म्हणाला. मी म्हटलं, "शंभर रुपये देतो, नाहीतर दुसरा पर्याय घे. एक तारखेला एक पैसा, दोन तारखेला दोन पैसे, तीन तारखेला चार, असं रोज दुप्पट. ३१ तारखेला हिशेब मिटवू."

बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपल्या पिढीला तोंडपाठ आहे. या मुलांना ती माहीत नसेल असं मला वाटलं. पठ्ठ्याने फोनवर बोटं फिरवली आणि ओरडलाच, "दोन कोटी चौदा लाख चौर्‍याहत्तर हजार आठशे छत्तीस रुपये सत्तेचाळीस पैसे! चालेल आजोबा!" आतून सौ. म्हणाल्या, "द्या आता. पेन्शन चांगली आहे ना तुमची."

मग तोच थबकला. "आजोबा, पैशांत लिहिलं तर २१४७४८३६४७. हा आकडा मला माहितीय. हा २०३८ वाला आकडा आहे."

आता २०३८ चं काय, ते मला ठाऊक नव्हतं. त्याने मला समजावलं ते असं. बर्‍याच संगणकांमध्ये वेळ मोजायची एक पद्धत आहे. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे) किती सेकंद झाले तेवढं मोजत राहायचं. जुन्या पद्धतीत हा आकडा ठेवायला ३२ घरं दिलेली. त्यातलं एक घर अधिक-उणे या चिन्हासाठी. उरली ३१. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. एकतीसही घरांत एक भरला की संख्या होते २१४७४८३६४७. त्यापुढे जागाच नाही. ही वेळ येणार १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले असताना. पुढच्या सेकंदाला जुन्या यंत्रांचा आकडा उलटा होऊन ती १९०१ सालच्या डिसेंबरात जाऊन पडतील. नव्या यंत्रांमध्ये ६४ घरांची सोय केलेली आहे, त्यामुळे फार घाबरायचं कारण नाही, असंही त्याने मला आश्वासन दिलं. मी त्याला म्हटलं, "मी तेव्हा नव्वदीला टेकलेला असेन, असलोच तर. थेंब घालायला ये."

एकतीस दिवसांचे पैसे आणि एकतीस घरांतले सेकंद यांचा आकडा एकच येतो याचं कारण सोपं आहे. १, २, ४, ८ असं दुप्पट करत गेलं, की आतापर्यंतची एकूण बेरीज नेहमी पुढच्या दिवसाच्या रकमेपेक्षा एकने कमी भरते. १ अधिक २ म्हणजे ३, आणि पुढचे ४. आणखी ४ मिळवले की ७, आणि पुढचे ८. म्हणून ३१ दिवसांची बेरीज म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १.

"आणि आजोबा, ही मूळ संख्या आहे," तो म्हणाला.

हे ऐकलं आणि मी जरा गप्पच झालो. का, ते पुढे सांगतो.

माझ्या वाचकांत बरेच जण माझ्यासारखे बी. ए. वाले आहेत, म्हणून उजळणी. मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः यांच्याखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही ती. २, ३, ५, ७, ११ वगैरे. लहान आकड्यांचं ठीक आहे. पण दोन अब्ज चौदा कोटी चौर्‍याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही संख्या मूळ आहे, हे कोणी आणि कसं ठरवलं असेल? डोळे मिटलेलेच होते. नातवाला म्हटलं, वाच. तो रोज थोडं थोडं वाचून दाखवत गेला.

ठरवलं लिओनार्ड ऑयलरने, १७७२ मध्ये. हा गणितज्ञ मूळचा स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा, जन्म १७०७ चा, आणि काम करत होता रशियात सेंट पीटर्सबर्गला. त्याचा उजवा डोळा तिशीतच निकामी झाला होता. १७६६ च्या सुमारास डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ मध्ये त्याचं ऑपरेशन झालं, काही दिवस दिसलंही, आणि मग जंतुसंसर्ग होऊन तीही दृष्टी गेली. त्याच वर्षी शहरातल्या आगीत राहतं घर जळालं. आणि पुढच्या वर्षी हा माणूस बर्नुलींना पत्र पाठवून कळवतो की २ चा ३१ वा घात वजा १ ही संख्या मूळ आहे. मी माझ्या प्लॅस्टिकच्या ढापणाखाली हे ऐकत होतो. माझं ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत झालं, संध्याकाळी घरी येऊन मी मुगाची खिचडी खाल्ली, आणि तरी आठ दिवस कुरकुर करत होतो. लाज वाटली.

एखादी संख्या मूळ आहे का हे बघायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. कारण दोन अवयव असतील तर त्यातला निदान एक वर्गमूळाहून मोठा नसतो. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे. तिथपर्यंत मूळ संख्या आहेत ४७९२. म्हणजे ४७९२ भागाकार, आणि तेही दहा अंकी संख्येचे! पण ऑयलरने आधी डोकं चालवलं. या संख्येला मूळ अवयव असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे, हा जुना नियम होता. शिवाय त्याच अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या की शिल्लक राहतात फक्त असे आकडे, ज्यांना २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरते. ४६३४० पर्यंत असे ३७२ च आकडे तपासायचे, आणि त्यातलेही जे मूळ नाहीत ते सोडून द्यायचे. एकानेही भाग गेला नाही. झालं सिद्ध.

त्यानंतर १८६७ पर्यंत, म्हणजे तब्बल ९५ वर्षं, माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हीच होती. या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं, की एक परिपूर्ण संख्या मिळते. परिपूर्ण म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते ती. ६ चे विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चंही तसंच. ऑयलरच्या संख्येपासून मिळणारी परिपूर्ण संख्या १९ अंकी आहे, २३०५८४३००८१३९९५२१२८. पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहून ठेवलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही, कारण या गोष्टींचा उपयोग काही नाही, नुसतं कुतूहल, तेव्हा कोण कशाला पुढे शोधत बसेल! आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये याच जातीची जी मूळ संख्या सापडली, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, तिच्यात अंकच चार कोटींच्या वर आहेत. कुतूहलाला कमी लेखू नये, हे बार्लोसाहेबांना कळायला हवं होतं. मलाही कळायला हवं होतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

मी मराठी आणि इतिहासाचा मास्तर. पण एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमारास आमच्या खेड्यातल्या शाळेत गणिताचे शिक्षक बदलून गेले, दुसरे येईनात, आणि मुख्याध्यापकांनी आठवीचं गणित माझ्या गळ्यात घातलं. मी रात्री कंदिलाजवळ बसून धडा वाचायचा आणि सकाळी तो वर्गात सांगायचा. वर्गाच्या पुढे एका रात्रीचंच अंतर. मुलांना गोडी लागावी म्हणून अधूनमधून एखादा 'चमत्कार' दाखवायची मला हौस होती.

एकदा असाच मी फळ्यावर लिहिलं. २ चा २ रा घात वजा १, म्हणजे ३. मूळ. २ चा ३ रा घात वजा १, म्हणजे ७. मूळ. २ चा ५ वा घात वजा १, ३१. मूळ. ७ वा घात वजा १, १२७. तीही मूळ. मग छाती काढून सांगितलं, "घात मूळ असला, की उत्तर मूळ. पुढचा घात ११. उत्तर २०४७. ही सुद्धा मूळ संख्या." रात्री मी २०४७ ला १९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं होतं. जात नव्हता. म्हटलं, एवढं पुरे.

तिसर्‍या बाकावरची एक मुलगी उठली. वर्गात फारशी न बोलणारी. परवानगी न विचारता फळ्यापाशी आली, खडू घेतला आणि एका कोपर्‍यात लिहिलं २३. त्याखाली ८९. रेघ मारली. गुणाकार केला. खाली लिहिलं २०४७. हात झटकला आणि जागेवर जाऊन बसली. तोंडातून एक अक्षर नाही.

तेव्हाच्या मुलांचे पाढे तीसपर्यंत पाठ असत. तेवीस अठ्ठे एकशे चौर्‍याऐंशी, तेवीस नव्वे दोनशे सात. २०४ मधून १८४ गेले, २० उरले, ७ खाली आला, २०७. सुटलं गणित. तेवढंच तर होतं. मी १९ वर थांबलो होतो आणि त्याच्या पुढची मूळ संख्या होती २३. एक पाऊल.

वर्गात कुजबुज झाली, कोणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू मला लागलं. मी डस्टर घेतलं, तिचा गुणाकार पुसून टाकला आणि म्हणालो, "विचारल्याशिवाय फळ्याला हात लावायचा नाही. नसता शहाणपणा नको. उभी राहा तास संपेपर्यंत."

ती उभी राहिली. मी पुढचं उदाहरण घेतलं.

मला माहीत होतं की ती बरोबर आहे. हे लिहिताना आज सर्वांत जास्त त्रास कशाचा होत असेल तर याचा. चूक करणं वेगळं. गुणाकार माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी तो पुसला.

नातू वाचत होता तेव्हा हे सगळं वर आलं. त्यात आणखी एक गोष्ट त्याने वाचली. मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये एक यादी दिली होती, २ चे कोणकोणते घात घेऊन त्यातून १ वजा केला तर मूळ संख्या मिळते त्याची. २५७ पर्यंतच्या घातांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. (बघा, ११ त्याने वगळलेलाच आहे. २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९ हे रेजियस नावाच्या माणसाने १५३६ मध्येच छापून दिलं होतं. मी साडेचारशे वर्षं मागे होतो.) त्या यादीतही चुका निघाल्या. ६७ आणि २५७ चुकीचे होते, आणि ६१, ८९, १०७ राहूनच गेले होते. ६७ वाली संख्या मूळ नाही हे ल्यूकाने १८७६ मध्ये दाखवलं, पण तिचे अवयव कोणते ते कळेना. मग १९०३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक व्याख्यानाला उभे राहिले. गोष्ट अशी सांगतात की ते काही बोललेच नाहीत. फळ्यावर २ चा ६७ वा घात काढला, त्यातून १ वजा केला. मग दुसर्‍या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं एकच आली. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

नातू म्हणाला, "काय भारी ना आजोबा?" मी हो म्हटलं आणि कूस बदलली.

तेच तर तिने केलं होतं. तसंच न बोलता. कोलसाहेबांना टाळ्या मिळाल्या आणि माझ्या विद्यार्थिनीला तासभर उभं राहणं.

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप आहे. एका मुलाकडून (मुलगा कसला, तोही आजोबा झालाय) तिचा नंबर मिळवला. चार दिवस फोन हातात घेऊन ठेवत होतो. शेवटी सौ. म्हणाल्या, "अहो, करा की. खाणार आहे का ती तुम्हाला?"

फोन उचलला तो मागे गिरणीचा आवाज. मी नाव सांगितलं, "तुम्ही ओळखलंत का" म्हणालो. ती म्हणाली, "सर! अहो, तुम्ही काय म्हणताय मला? थांबा, गिरणी बंद करते." तालुक्याच्या गावी मुलाबरोबर पिठाची गिरणी चालवते. दहावीनंतर लग्न झालं, पुढे शिकता आलं नाही. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी अडखळत विषय काढला. आठवतं का, फळा, तेवीस, एकोणनव्वद. ती जरा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, विसरली असेल. विसरली असती तर बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं.

"आठवतंय की सर," ती म्हणाली. "घरी जाऊन आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले सर सांगतात तेच बरोबर. मग मी रात्री परत वहीत करून बघितलं. दोनदा केलं. दोन्ही वेळी तेवढंच आलं. मग वही मिटली आणि गप्प बसले."

मी म्हणालो, "तुझं बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं. मी पुसायला नको होतं."

"असू द्या हो सर. किती वर्षं झाली." मग म्हणाली, "पण त्यानंतर मी फळ्याकडे काही गेले नाही, हे खरं."

यावर मी काय बोलणार? तिनेच मग माझ्या डोळ्याची चौकशी केली, थेंब नीट वेळेवर घाला म्हणाली, सौं.ना नमस्कार सांगितला. ठेवता ठेवता म्हणाली, "सर, ते दोनाचे घात पुढे कुठपर्यंत जातात हो? माझी नात सहावीत आहे, तिला असलं आवडतं." मी तिला सांगितलं. १३ ला जमतं, ८१९१. १७ ला जमतं, १९ ला जमतं. २३ आणि २९ ला जमत नाही. ३१ ला जमतं. तिने गिरणीतल्या हिशेबाच्या वहीत सगळं लिहून घेतलं. आकडा परत वाचून दाखवला, दोन अब्ज चौदा कोटी, एकही अंक न चुकता.

माफी मागितली म्हणजे फिटलं, असं मला वाटत नाही. एक तास उभं राहिल्याने तिचं शिक्षण थांबलं असंही नाही. त्याची कारणं तेव्हाच्या घराघरांत होती. पण फळ्याकडे जाणारी वाट मी बंद केली, एवढं नक्की. चाळीसहून जास्त वर्षांनी एका मोठ्या मूळ संख्येने मला ते दाखवून दिलं.

आपल्यात निवृत्त मास्तर बरेच आहेत, म्हणून लिहिलं. प्रत्येकाच्या पोतडीत असं एखादं पुसलेलं गणित असणार. माणूस फोनवर सापडतो आहे तोवर फोन करून टाका.

असो. नातवाने परवा हिशेब मागितला. शंभर रुपये घे म्हटलं, तर म्हणतो, "पैशाचा पर्याय मी आधी निवडला होता, आजोबा." शेवटी दोनशेवर तडजोड झाली.

थेंबांची वेळ झाली. बाकीचं पुढच्या वेळी.